भिंतीलगतची चार फूट जागा

मुलुंड पश्चिमेला, जिथे रस्ता संपतो आणि नॅशनल पार्कचा डोंगर सुरू होतो, तिथे दोन विंगांची एक जुनी सोसायटी आहे. नाव सांगत नाही, सेक्रेटरींना आवडणार नाही. इथल्या रहिवाशांना दोन गोष्टींचा अभिमान. एक, स्टेशनजवळच्या लोकांपेक्षा आपल्याकडे पंखा एक नंबर कमी लागतो. दोन, बिबट्या आपल्या मागच्या भिंतीवर बसलेला सीसीटीव्हीत दिसला होता. त्या भिंतीच्या आणि इमारतीच्या मध्ये चार फूट रुंदीची मातीची एक पट्टी आहे. तिचं काय करायचं, हा विषय दरवर्षी सर्वसाधारण सभेत निघतो आणि चहा आला की मागे पडतो.

२०१६च्या सप्टेंबरात भिंतीपलीकडचा उतार जांभळा झाला. कारवी फुलली होती. सात पावसाळे हे झुडूप नुसती पानं धरतं, पावसाळा सरला की काटक्या होऊन उभं राहतं, आणि आठव्या वर्षी सगळा डोंगर एकदम फुलतो. त्याच्या आधी ती २००८ साली फुलली होती, पण तेव्हा प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा नव्हता, त्यामुळे ते फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. या वेळी मात्र गच्चीवर फोटो काढणाऱ्यांची गर्दी झाली. कुणी येऊरला जाऊन आलं, कुणी कान्हेरीला. बी विंगमधल्या एकांनी, मुन्नारची नीलकुरिंजी तर बारा वर्षांनी फुलते, असं सांगून आपल्या कारवीला उगाच कमीपणा आणला. दोघी एकाच कुळातल्या, प्रत्येकीची घटका वेगळी.

दिवाळीपर्यंत उतार करडा पडला. फुलून झालं की कारवी मरते, पुढच्या पावसाळ्यात त्या काटक्यांना पालवी येत नाही. लोकांनी डोंगराकडे पाहणं सोडून दिलं.

२०१७च्या जूनमध्ये, पहिला पाऊस झाला त्या रात्री, मागच्या बाजूने टक्, टक्, टकटक असे आवाज सुरू झाले. वॉचमन मीटररूमकडे धावला. सेक्रेटरी बॅटरी घेऊन खाली उतरले. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, वायरीचा वास घेत ते सगळ्या बोर्डांसमोरून फिरले. तेवढ्यात तळमजल्याच्या खिडकीतून माईंचा आवाज आला.

"शॉर्टसर्किट नाही हो ते. कारवी फुटतेय. झोपा जाऊन."

माई मूळच्या मुरबाडकडच्या. लहानपणीच्या घराला कारवीच्या काठ्यांचा कुड होता, वर शेणमातीचा गिलावा. त्यामुळे कारवी ही त्यांना फुलाआधी भिंत म्हणून ठाऊक. वर्षभर वाळलेल्या बोंडांत ओल शिरली की त्यांची दोन शकलं ताडकन वेगळी होतात आणि आतलं बी लांब फेकलं जातं, हे त्यांनी सेक्रेटरींना खिडकीतूनच समजावून सांगितलं. सेक्रेटरींना ते पटलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी बॅटरी बंद केली.

सकाळी मागच्या फरशीवर चपट्या तपकिरी बिया पडलेल्या होत्या. नॅशनल पार्कातून काडीसुद्धा आणायला १९७२च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. पण इथे बीच भिंत ओलांडून आलं होतं, आणि कारवीने कुठे उडावं याबद्दल कायदा काही बोलत नाही. माईंनी मऊ केरसुणी आणि वर्तमानपत्र घेतलं, सहा वर्षांची नात मनू मदतीला घेतली आणि सगळं बी गोळा करून त्या चार फुटी पट्टीत टाकलं. खड्डे नाहीत, खत नाही. माती नुसती हाताने खरवडायची, बी भुरभुरायचं, वर चिमूटभर माती.

"एवढंच?" मनूने विचारलं.

"डोंगरावर तर एवढंही कुणी करत नाही."

त्याच वर्षी कमिटी घोडबंदर रोडला ओवळ्याची फुलपाखरांची बाग बघून आली आणि आपल्याकडेही दर्शनी भागात 'फुलपाखरू उद्यान' करायचं ठरलं. नर्सरीतून पेंटास आले, ठेंगण्या जातीची रंगीत घाणेरी आली, फलक आला. पंधरवड्यात फुलपाखरंही आली. खोटं कशाला सांगू, चांगली आली. माईंना कुणीतरी मुद्दाम डिवचलं, तर त्या म्हणाल्या, "येऊ द्या की. पाहुण्याला काय, ज्या घरी चहा मिळेल तिथे तो बसणार." पुढे कढीपत्त्यावर सुरवंट दिसले तेव्हा फवारणीवाल्याला बोलावण्यात आलं आणि उद्यानातली वर्दळ ओसरली. फलक अजून आहे.

मागच्या पट्टीत शेकड्याने रोपं उगवली होती. त्यातली बरीचशी गोगलगाईंनी खाल्ली, काही माळ्याने तण म्हणून उपटली, काही चेंडूखाली गेली. जगली ती भिंतीच्या बाजूची. तीच कारवीची रीत. फुलायचं ते सगळ्यांनी एका वेळी आणि बी टाकायचं तेही एका वेळी, म्हणजे उंदीर, मुंग्या, पाखरं पोट फुटेस्तोवर खातील तरी काही शिल्लक राहील. दरवर्षी थोडं थोडं बी टाकलं असतं तर सगळंच संपलं असतं.

मधल्या वर्षांत सांगण्यासारखं फार काही घडलं नाही, आणि खरी अडचण तीच होती. पावसाळ्यात हिरवी गर्दी, फेब्रुवारीत काटक्या. खरखरीत पानं, ना वास ना रंग. दर मार्चला सूचनाफलकावर कागद लागायचा: 'मागील बाजूस साचलेला वाळका कचरा हटविण्यात येईल.' दर मार्चला माई कमिटीसमोर जाऊन उभ्या राहायच्या. भांडायच्या नाहीत, नुसत्या म्हणायच्या, "चोवीस साली फुलेल." एकदा सेक्रेटरींनी वहीत तसं लिहूनही घेतलं, मुदत ठेवीची तारीख लिहावी तसं. २०२०मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा माळी यायचा बंद झाला आणि कागदही लागला नाही. मुलांना खेळायला मागच्या चार फुटांखेरीज जागा नव्हती. मनूने तेव्हा भिंतीवर खडूने स्वतःची उंची लिहायला सुरुवात केली आणि शेजारी कारवीची. दुसऱ्या पावसाळ्यानंतर कारवी पुढे गेली ती गेलीच.

२०२३ला काही जणांनी उगाच कळ्या शोधल्या. नव्हत्या.

२०२४च्या ऑगस्टमध्ये फांद्यांच्या टोकांना कणसांसारखे तुरे दिसू लागले, आणि गणपतीच्या दिवसांत पट्टी पेटली. भिंतीपलीकडे डोंगर, अलीकडे ही चार फूट, दोन्ही एकाच रंगाची. भिंत मधे कशाला आहे हेच कळेना. सकाळी सातपासून नुसता गुंजारव. सातेरी माश्या, आग्यामोहोळाच्या मोठ्या माश्या, काळे जाड भुंगे, जे फुलात शिरले की फूल खाली झुकायचं. उन्हं वर आली की फुलपाखरं. एकदा नीलवंतही येऊन गेलं, २०१५पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू असलेलं, तळहाताएवढं, काळ्यावर निळं. शिंजीरांची एक जोडी तर जणू भाड्याने राहायला आली. आणि माश्यांच्या मागावर कोतवाल तारेवर येऊन बसू लागला. कारवीचा मध दाट आणि गडद असतो, डोंगरातले लोक आठ वर्षं त्याची वाट बघतात. आता आपल्या पाइपलाइनवर कुठे पोळं बसतंय का हे बघायला सोसायटीतली तरुण मंडळी दुर्बीण घेऊन फिरू लागली.

सगळ्यात बदलले ते सेक्रेटरी. रोज सकाळी ते खुर्ची टाकून तिथे बसायचे. आल्यागेल्याला माहिती सांगायचे. पहिल्या मजल्यावरच्या एका बाईंनी माश्या घरात येतात म्हणून पेस्ट कंट्रोलला फोन लावला, तर सेक्रेटरींनी त्या माणसाला गेटवरूनच परत पाठवलं आणि बाईंच्या खिडकीला स्वतःच्या खर्चाने जाळी बसवून दिली. व्हॉट्सॲपवर त्यांनी जो फोटो टाकला त्याखाली लिहिलं होतं, 'आमची कारवी.' माईंनी तो बघितला आणि मनूला म्हणाल्या, "आमची म्हणतोय तोपर्यंत बरं आहे."

नोव्हेंबरात फुलं संपली. तुरे काळपट, चिकट झाले, हात लावला तर वास लागायचा. पानं गळाली. या खेपेला ती झाडं खरोखरच मेली होती, येत्या जूनमध्ये ती हिरवी होणार नव्हती. आणि कथा इथे खरी सुरू होते असं मला वाटतं. सात वर्षं वाट बघणं अवघड म्हणतात, पण त्या वाटेच्या टोकाला आपल्यासाठी काहीतरी होतं. आता आपलं बघून झालं होतं. उरलं होतं ते मेलेल्या काटक्यांचं कुंपण, आणि पुढचं फूल २०३२ला.

डिसेंबरच्या सभेत पार्किंगचा प्रश्न निघाला. चार फुटांत गाडी मावत नाही, पण दुचाक्या लागतात. शिवाय सोसायटी रिडेव्हलपमेंटला जायची आहे. दोन बिल्डर येऊन मोजमाप घेऊन गेले होते. बत्तीस साली ही इमारत असेल की नाही, असली तर आपण कुठल्या मजल्यावर असू, कुणाला ठाऊक? "आठ वर्षं सांभाळली, फुलली, सगळ्यांनी पाहिली. आता बास," असं एकजण म्हणाले, आणि त्यात काही दुष्टपणा नव्हता. बहुतेकांच्या मनातलंच ते बोलत होते.

माई म्हणाल्या, "बी अजून बोंडात आहे."

सेक्रेटरींनी तोडगा काढला. पावसाळ्याआधी गटारं साफ करायला मुकादम येतोच, तेव्हाच हे काढू. ३१ मेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. सभेने टाळ्या वाजवल्या. मुंबईत मोसमी पाऊस यायची सरासरी तारीख ११ जून, आणि बोंड पावसाशिवाय उघडत नाही. हे सेक्रेटरींना माहीत होतं, कारण आठ वर्षांपूर्वी ते त्यांना खिडकीतून सांगण्यात आलं होतं. माईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर मनूने विचारलं, "आजी, तू भांडली का नाहीस?" तर म्हणाल्या, "मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. बत्तीस सालासाठी मी भांडले तर लोक हसतील. तू तेरा वर्षांची आहेस."

मनूने ते नीट ऐकलं. मार्चमध्ये होळीच्या आठवड्यात बी विंगमधल्या पोरांनी वाळक्या कारवीवर डोळा ठेवला. आयतं जळण, तेही दारात. मनूने तिथे सुतळी बांधली आणि दोन संध्याकाळी तिथेच अभ्यासाला बसली. पोरं तिला घाबरली असं नाही, पण एक मुलगी बीजगणित करत बसलीय म्हटल्यावर तिच्या डोक्यावरची काटकी तोडायला त्यांना लाज वाटली. काटक्या रिकाम्याही नव्हत्या. शिंपी आणि वटवटे त्यांत दिवसभर किडे शोधत असायचे. कोळ्यांची जाळी होती, आणि ती जाळी घरट्यासाठी ओढून न्यायला शिंजिराची मादी यायची. फुलांच्या वेळी फोटो काढायला आलेल्यांपैकी हे बघायला कुणी आलं नाही.

एप्रिलच्या शेवटी, आठवीचा निकाल लागल्यावर, मनू एक वाळका तुरा घेऊन सेक्रेटरींच्या घरी गेली. ते पेपर वाचत होते. तिने स्वयंपाकघरातून बशीत पाणी आणलं, टीपॉयवर ठेवलं, तुऱ्यातून नखाने एक बोंड सोडवून त्यात टाकलं.

"हे काय?"

"थांबा ना आजोबा."

थोडा वेळ काहीच झालं नाही. सेक्रेटरींनी पेपर पुन्हा वर धरला. मग बशीत टक् झालं आणि एक बी पेपरवर, बरोबर शेअर बाजाराच्या पानावर येऊन आदळलं. सेक्रेटरी दचकले. पेपर खाली ठेवला. बी बोटावर घेतलं, चष्मा वर करून पाहिलं.

"अजून एक टाक."

दुसरं टाकलं. ते बी चष्म्याच्या काचेला लागलं. तिसऱ्याच्या वेळी आतून त्यांच्या मिसेसही बघायला आल्या. चौथ्या बोंडानंतर सेक्रेटरी बराच वेळ बशीकडे बघत राहिले.

"सतरा साली," ते म्हणाले, "त्या पलीकडच्या उतारावर सफाई कुणी केली नव्हती?"

"पार्कात कोण करणार सफाई?"

"हं," सेक्रेटरी म्हणाले, आणि पेपर उचलला. मनूला वाटलं, फुकट गेलं. बशी धुऊन ती घरी आली.

त्या वर्षी पावसाने सगळ्यांनाच चकवलं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अवकाळी सरी आल्या आणि काही बोंडं तेव्हाच फुटली. मग २६ मेला, सोमवारी, मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला, ठरल्या तारखेच्या पंधरवडाभर आधी. इतक्या लवकर तो आल्याची हवामान खात्याच्या दप्तरी नोंद नव्हती. कुर्ल्याला रुळांवर पाणी की नाही यावर टीव्ही ओरडत होता आणि मुलुंडला मागच्या भिंतीशी टकटक चालली होती. या वेळी वॉचमन मीटररूमकडे धावला नाही. पोरं बाल्कनीत उभी राहून मोजत होती. काही बिया खिडकीच्या जाळीवर आपटत होत्या, काही नक्कीच भिंतीपलीकडे परत डोंगरात जात होत्या. सोसायटीत एकच चर्चा: पाच दिवसांनी मुकादम येणार होता. पावसानेच वाचवलं. दैव म्हणतात ते असं. बी विंगमधल्या एका काकूंनी तर नारळ फोडला.

माई नारळाचा तुकडा खात म्हणाल्या, "गोड आहे." त्यांनी दैवाबद्दल मत दिलं नाही.

३१ मे आला आणि गेला. मुकादम काही फिरकला नाही, पण भर पावसात गटार साफ करायला कोण येतं, म्हणून कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. जून संपता संपता तो दोन माणसं आणि कोयते घेऊन आला. मनू शाळेतून येत होती, तशीच दप्तरासह मागे धावली. पट्टीत मेलेल्या काठ्यांच्या बुडाशी दोन-दोन पानांची रोपं दाटीवाटीने उगवली होती, माणसाचं पाऊल पडलं असतं तर शंभर गेली असती. तिने मुकादमाला फरशीवरूनच काठ्या ओढायला सांगितल्या. वर, काठ्या भंगारात देऊ नका, सरळ निवडून ठेवा, आजीला खिडकीखाली कुड करायचाय, हेही सांगितलं. मुकादम भला माणूस होता, ऐकत होता.

"काका, पाऊस लवकर आला म्हणून बरं झालं," मनू म्हणाली. "नाहीतर ३१ तारखेला तुम्ही सगळं साफच करणार होतात."

"छे. ३१चं तर कधीच रद्द झालं होतं." मुकादमाने कोयता काखेत धरून खिशातली डायरी काढली. ओली झाली होती, पण अक्षर वाचता येत होतं. "हे बघ, १ मे. सुट्टी होती म्हणून लक्षात आहे. साहेबांचा फोन आला, गटार नंतर बघू, मागच्या बाजूला जूनअखेरपर्यंत कुणी यायचं नाही. मी म्हटलं, साहेब, मग पावसात जास्त मजुरी पडेल. तर म्हणाले, पडू दे, वरचे पैसे माझ्याकडून घे, सोसायटीच्या बिलात लावू नकोस."

१ मे म्हणजे बशीनंतरचे दोन-तीन दिवस. तेव्हा आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

मनू जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली. सेक्रेटरींचं दार उघडंच होतं. ते मेंटेनन्सच्या पावत्या फाडत बसले होते, शेजारी रिडेव्हलपमेंटचा नकाशा उघडा होता आणि त्यात मागच्या भिंतीलगत पेन्सिलने काहीतरी आखलेलं होतं.

"आजोबा, तुम्ही मुकादमाला पाऊस यायच्या आधीच नको म्हणून सांगितलं होतं?"

सेक्रेटरींनी मान वर केली नाही. पावतीवर शिक्का मारला, शाई उमटली का पाहिलं.

"तेव्हा तो रेट फार सांगत होता," ते म्हणाले. "आत ये नाहीतर दार लाव. मच्छर येतात."